‘आपला’ माणूस कोण? शहराची हद्द, शहराचे दार आणि साडेतीनशे वर्षांचा एक वाद

१/
७ जून २०२०. करोनाची पहिली लाट दिल्लीत वेगाने चढत होती. मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी घोषणा केली, की दिल्ली सरकारच्या अखत्यारीतील आणि खासगी रुग्णालयांतील खाटा यापुढे दिल्लीच्या रहिवाशांसाठी राखल्या जातील. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपाल अनिल बैजल यांनी हा निर्णय फिरवला. ते नाट्य लवकरच विस्मृतीत गेले. परंतु त्यामागचा प्रश्न किमान साडेतीनशे वर्षे जुना आहे.

२/
त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, दिल्लीच्याच गुरू तेग बहादूर रुग्णालयात असा प्रयोग झाला होता. हे रुग्णालय उत्तर प्रदेशच्या सीमेपासून जवळ आहे. तेथील ८० टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखून ठेवण्यात आल्या आणि दिल्लीकर असल्याचा पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र मागितले जाऊ लागले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने संविधानाच्या १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांचा आधार घेऊन ही योजना रद्दबातल ठरवली.

३/
प्रश्न साधा वाटतो. शहर कर गोळा करते आणि त्या पैशातून दवाखाने, नळ, शाळा, निवारे उभारते. मग या सेवांवर पहिला हक्क त्या शहराच्या रहिवाशांचा असावा काय? ‘होय’ म्हणणाऱ्यास लगेच दुसऱ्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते: रहिवासी कोण, आणि ते कोणी व कोणत्या कागदावरून ठरवायचे? इंग्लंड, कोलकाता आणि मुंबई येथे या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा हा आढावा.

४/
प्रथम इंग्लंड. १६०१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, गरिबांच्या पोषणाचा कायदा झाला. चर्चच्या व्यवस्थेतील सर्वांत लहान घटक म्हणजे पॅरिश. आपल्याकडील एखादे गाव किंवा पेठ म्हणावी एवढा. आपल्या हद्दीतील वृद्ध, आजारी, अनाथ व निराधार यांचा सांभाळ प्रत्येक पॅरिशने करावा आणि त्यासाठी स्थानिक मालमत्ताधारकांवर कर बसवावा, असे ठरले.

५/
त्या काळाचा विचार करता ही मोठी गोष्ट होती. गरिबाला मदत करणे हा दानधर्माचा विषय न राहता कायदेशीर कर्तव्य बनले. परंतु कर्तव्याबरोबर हिशेबही आला. आपल्या पैशातून शेजारच्या गावचा भुकेला का पोसायचा, असे करदाते विचारू लागले. त्याचे उत्तर १६६२ च्या ‘सेटलमेंट’ कायद्याने दिले. गरीब लोक जेथे मदत अधिक, गायराने मोठी आणि जळाऊ लाकूड मुबलक अशा ठिकाणी जाऊन वसतात, ही तक्रार त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नोंदवलेली आहे.

६/
नियम असा होता. वार्षिक दहा पौंडांहून कमी भाड्याच्या जागेत येऊन राहणाऱ्या नवख्याविषयी, तो पुढे पॅरिशवर भार होईल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करता येई. आणि दोन न्यायाधिकारी त्याला त्याच्या मूळ पॅरिशकडे परत पाठवू शकत. त्याने मदत मागितलेली असणे आवश्यक नव्हते. उद्या तो मदत मागेल एवढी भीती पुरेशी होती.

७/
चाळीस दिवस बिनतक्रार काढले की मात्र हक्क प्राप्त होई. यातून चमत्कारिक प्रकार सुरू झाले. अॅडम स्मिथ सांगतो, की काही पॅरिशांचे अधिकारी आपल्याच गरिबांना लाच देऊन गुपचूप दुसऱ्या पॅरिशमध्ये चाळीस दिवस दडून राहण्यास पाठवीत, म्हणजे त्यांचा भार कायमचा तिकडे सरके! मग कायद्यात दुरुस्ती झाली: चाळीस दिवस मोजायचे ते लेखी सूचना दिल्यापासून. पुढे तर ही सूचना रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवण्याचा नियम आला.

८/
‘आपला’ ठरण्याचे इतरही मार्ग होते. अविवाहित नोकराने एका मालकाकडे पूर्ण वर्षभर चाकरी केली, तर त्याला त्या पॅरिशचा हक्क मिळे. साहजिकच अनेक मालक नोकराला वर्ष भरण्याच्या थोडे आधी मोकळे करू लागले. एक्कावन्न आठवड्यांचा करार हा त्या काळातील सर्रास चालणारा डाव होता. आजच्या ‘अकरा महिन्यांच्या’ करारांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे फारसे अपरिचित वाटणार नाही.

९/
या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर भाग स्त्रियांच्या वाट्याला आला. विवाहबाह्य अपत्याचा हक्क ते जन्मेल त्या पॅरिशमध्ये धरला जाई. म्हणून अविवाहित गर्भवती स्त्रीला प्रसूतीपूर्वी हद्दीबाहेर काढण्याची घाई होई. कधी कधी प्रसूतीच्या अगदी तोंडावर. त्यातच १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्यांनी कपड्यांवर पॅरिशच्या आद्याक्षरासह ‘पी’ हे अक्षर लावावे असे ठरवले. ही सक्ती १८१० मध्ये संपली.

१०/
स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये या कायद्यावर कठोर टीका केली. ज्याने गुन्हा केलेला नाही अशा माणसाला, तो राहू इच्छितो त्या ठिकाणाहून हुसकावणे हे नैसर्गिक स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असा त्याचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा निव्वळ अर्थशास्त्राचा: काम एका गावात, मजूर दुसऱ्या गावात, आणि मध्ये कायद्याची भिंत.

११/
तरीही दुसरी बाजू विसरता येणार नाही. ज्याला ‘सेटलमेंट’ होती, त्याला त्याची पॅरिश नाकारू शकत नव्हती. म्हातारपण, अपघात, दुष्काळ, काहीही झाले तरी पृथ्वीच्या पाठीवर एक जागा अशी होती, की जिच्यावर त्याचा हक्क होता. हद्द आखली होती म्हणूनच जबाबदारीही निश्चित झाली होती. स्थानिकांना प्राधान्य असावे असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आजही हाच आहे: सर्वांची जबाबदारी म्हटली की ती कोणाचीच राहत नाही.

१२/
औद्योगिक क्रांतीने ही चौकट मोडली. खेड्यांतील हजारो कुटुंबे मँचेस्टरसारख्या शहरांत आली, वर्षानुवर्षे गिरण्यांत राबली. आणि मंदी आली की त्यांना जन्मगावी परत धाडण्याची तजवीज सुरू झाली. उमेदीची वर्षे शहराने घ्यायची आणि बेकारी व वार्धक्य खेड्याने सांभाळायचे, असा तो हिशेब होता. १८४७ मध्ये दुष्काळातून पळून आलेल्या हजारो आयरिश लोकांना लिव्हरपूलने बोटींत बसवून परत पाठवले.

१३/
तोडगा निघाला तो टप्प्याटप्प्याने. १७९५ मध्ये ठरले, की प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत सर्वसाधारणपणे कोणाला हलवायचे नाही. १८४६ मध्ये पाच वर्षे सलग राहिलेल्या व्यक्तीला संरक्षण मिळाले. १८६१ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आणि १८६५ मध्ये एका वर्षावर आली. १८६५ च्याच कायद्याने गरिबांच्या मदतीचा खर्च एकेका पॅरिशवरून अनेक पॅरिशांच्या संघावर टाकला.

१४/
हा शेवटचा बदल कळीचा होता. खर्च अनेकांत विभागला गेल्यावर एकेका माणसाला हद्दीबाहेर ढकलण्याचा लाभ घटला. १९४८ मध्ये ब्रिटनने जुनी गरीब-कायदा व्यवस्था संपुष्टात आणून ती जबाबदारी राष्ट्रीय पातळीवर नेली. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य सेवाही सुरू झाली. दारावरचा पहारा सैल झाला, तो तिजोरी मोठी झाल्यावर. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१५/
आता कोलकाता, १९४३. याच सुमारास, त्याच साम्राज्यातील एका महानगराने स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण टोकाला नेले आणि त्याची किंमत लाखो लोकांनी प्राण देऊन चुकवली. १९४२ च्या आरंभी जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरच्या किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ आले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनारी भागातील नावा व तांदळाचे साठे सरकारने आधीच हलवले होते किंवा निकामी केले होते.

१६/
भाव भडकू लागताच सरकार व व्यापारी मंडळांनी पहिली काळजी घेतली ती कोलकात्याची. युद्धसाहित्याचे कारखाने, रेल्वे, बंदर, सरकारी कचेऱ्या यांतील कर्मचाऱ्यांना ‘अग्रक्रमाचे वर्ग’ ठरवण्यात आले. मालकांनी चालवलेल्या दुकानांतून त्यांना व त्यांच्या कुटुंबांना स्वस्त धान्य मिळू लागले. युद्धकाळात शहर बंद पडू देता येणार नाही, हा त्यामागील तर्क. तो पूर्णतः निराधार नव्हता.

१७/
परंतु हे धान्य येत होते खेड्यांतून. शहरासाठी होणाऱ्या खरेदीने ग्रामीण बाजारातील भाव आणखी चढले. शेतमजूर, कोळी, नावाडी, कुंभार यांच्या मजुरीत तशी वाढ झाली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात हीच प्रक्रिया उलगडून दाखवली: बाजारात धान्य असते, पण ते विकत घेण्याची क्षमता काही वर्गांच्या हातून निसटते, आणि ते वर्ग मरतात. दुष्काळाच्या वेळी सेन नऊ वर्षांचे होते.

१८/
उन्हाळा सरताना ही माणसे कोलकात्याच्या रस्त्यांवर पोहोचली. त्यांच्याच गावांतून आलेला तांदूळ शहरात होता आणि ते त्याच्यामागे आले होते. भात मागण्याचे धैर्यही उरले नव्हते. ते दारोदार ‘फ्यान’, म्हणजे भाताची पेज, मागत हिंडत. अन्नछत्रांतून पातळ खिचडी वाटली जात होती. २२ ऑगस्ट १९४३ रोजी इयन स्टीफन्स यांच्या ‘द स्टेट्समन’ने रस्त्यांवरील भूकबळींची छायाचित्रे छापली आणि सेन्सॉरने दडवलेला दुष्काळ जगासमोर आला.

१९/
ऑक्टोबरमध्ये सरकारने अध्यादेश काढला: शहरातील निराधारांना गोळा करून बाहेरच्या छावण्यांत व पुढे त्यांच्या गावी पाठवायचे. अनेक जण जायला तयार नव्हते. गावी अन्न नव्हते म्हणून तर ते आले होते. बळाचा वापर झाला, कुटुंबांची ताटातूट झाली. त्याच महिन्यात नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी कोलकात्याला भेट देऊन मदतकार्यात लष्कर उतरवले.

२०/
कोलकात्याच्या रस्त्यांवर जे मेले, ते बहुतांशी खेड्यांतून आलेले होते. शहराचा नोंदलेला, नोकरदार रहिवासी बव्हंशी वाचला. त्या अर्थाने स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण ‘यशस्वी’ झाले. बंगालमधील मृत्यूंचा आकडा चौकशी आयोगाने १९४५ मध्ये सुमारे १५ लाख धरला. पुढील अनेक अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला.

२१/
याच वर्षी मुंबईचा मार्ग वेगळा होता. मे १९४३ मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. कोलकात्यात ते यायला जानेवारी १९४४ उजाडले. मुंबईतही धान्याची चणचण होती आणि तिचे रेशन शहराच्या हद्दीपुरतेच होते, हे खरे. परंतु शहरापुरते का होईना, कार्डाचा आधार कोण कोणत्या कंपनीत आहे हा नव्हता. कोण शहरात राहतो आहे, हा होता.

२२/
मुंबईला दुसरा मार्ग परवडणाराही नव्हता, कारण हे शहर मुळातच बाहेरच्यांचे होते. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत राहणाऱ्यांपैकी मुंबईतच जन्मलेले केवळ १६ टक्क्यांच्या आसपास होते. उरलेले रत्नागिरी, सातारा, पुणे, गुजरात, संयुक्त प्रांत अशा ठिकठिकाणांहून आलेले. गिरणगावातील कामगार गाळ्यात राही आणि मनीऑर्डर गावी धाडी. जन्माच्या कसोटीवर ‘आपला माणूस’ शोधायचा तर शहर रिकामेच करावे लागले असते.

२३/
ते एकदा जवळजवळ रिकामे झालेही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. ज्या मजुरांच्या वस्त्यांना घाणीचे आगर म्हणून हिणवले जात होते, तेच निघून गेल्यावर गिरण्या थंडावल्या आणि उरलेल्या हातांसाठी मालक नाक्यानाक्यावर चढाओढीने जादा मजुरी देऊ लागले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली होती.

२४/
त्याच वेळी भूमिकांची अदलाबदलही झाली. मुंबईहून येणारा माणूस आता इतर गावांना नकोसा झाला. कल्याणसारख्या स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासले जाई, संशयितांना अडकवून ठेवले जाई. २०२० च्या उन्हाळ्यात कोकणातील अनेक गावांनी आपल्याच चाकरमान्यांना वेशीवर थांबवले, विलगीकरणात ठेवले. ‘बाहेरचा’ हे कोणाचेही कायमचे वर्णन नसते. परिस्थिती पालटली की ते कोणाच्याही कपाळी येते.

२५/
मुंबई महापालिकेचा ‘नागरिक’ही प्रारंभी मोजकाच होता. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार दिला. ६४ पैकी ३२ सदस्य त्यांच्या मतांनी येत. १८८८ च्या कायद्याने पालिकेची चौकट पक्की केली. परंतु मत कर भरणाऱ्यांना होते. चाळीत दाटीने राहणाऱ्या बहुसंख्य कामगारांना नव्हते. प्रौढ मतदानावर आधारलेली पहिली पालिका निवडणूक १९४८ मध्ये झाली. ‘रहिवासी’ आणि ‘करदाता’ हे शब्द समानार्थी नाहीत, याचा हा इतिहास.

२६/
शिवाय कर भरतो कोण? २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार जकात हा होता: शहरात येणाऱ्या मालावरील कर. तो ग्राहकाच्या किमतीत मिसळून जाई. घरपट्टीची पावती ज्याच्या नावावर कधीच निघाली नाही, असा पदपथावरचा माणूसही साबण, तेल, चहा घेताना तो भरतच होता.

२७/
आणि पाणी? बेटांवरील विहिरी व तलाव अपुरे पडू लागले, तेव्हा मुंबईने पाणी आणले ते हद्दीबाहेरून. १८६० मध्ये साष्टी बेटावरील विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. आज रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला मिळते. या सात जलाशयांपैकी विहार व तुळशी हे दोन लहान तलावच काय ते शहराच्या आजच्या हद्दीत आहेत.

२८/
तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईची जलवाहिनी ज्यांच्या शेताजवळून जाते, त्यांच्या घरी नळ नसतो. ‘शहराच्या सुविधा शहरवासीयांसाठी’ हे वाक्य शहापुरात उभे राहून उच्चारले, तर त्याचा अर्थ वेगळाच लागतो.

२९/
मुंबईत हा वाद न्यायालयापर्यंत गेला तो १९८१ मध्ये. जुलै महिन्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले, की पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या, माणसे बसमध्ये भरून शहराबाहेर नेण्यात आली. पत्रकार ओल्गा टेलिस व इतरांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

३०/
१० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, मूळचे पुण्याचे, यांच्या घटनापीठाने म्हटले, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. शहरातील निवारा गेला की रोजगार जातो आणि रोजगार गेला की जगणेच धोक्यात येते. निकालाचा हा भाग प्रसिद्ध आहे.

३१/
दुसरा भाग कमी सांगितला जातो. पदपथावर वस्ती करण्याचा हक्क कोणालाही नाही आणि योग्य सूचना देऊन पालिका ती हटवू शकते, असेही त्याच निकालात आहे. मात्र पावसाळा संपेपर्यंत कारवाई नको. आणि १९७६ च्या झोपडी-गणनेत ज्यांची नोंद झाली, त्यांना पर्यायी जागा द्यावी. अशा रीतीने तत्त्व सर्वांना मिळाले, प्रत्यक्ष संरक्षण मात्र नोंदीच्या तारखेला जोडले गेले.

३२/
पुढील कहाणी तारखांची आहे. १९७६, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, आणि त्यानंतर सशुल्क पुनर्वसनासाठी २०११. निवडणुका जवळ आल्या की रेषा पुढे सरके. त्यामुळे १९४३ चे रेशनकार्ड, झोपडीचा फोटोपास, मतदारयादीतील नाव हे कागद मुंबईच्या गरिबांनी प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत जिवापाड जपले. इंग्लंडमध्ये चाळीस दिवस मोजले जात; येथे वर्षे मोजली जाऊ लागली.

३३/
या तारखेचा संबंध नळाशीही जोडला गेला. तारखेनंतरच्या वस्त्यांना अधिकृत पाणी नाही, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी बेकायदा असली तरी तीत राहणाऱ्याला पाणी सर्वस्वी नाकारता येणार नाही.

३४/
न्यायालयाने समतोलही राखला. कायदेशीर घरात राहणाऱ्याला मिळते तशीच, त्याच दराने सेवा द्यावी असे बंधन त्याने घातले नाही. दर अधिक असू शकेल, सार्वजनिक नळही चालेल. पण पाणी द्यावेच लागेल. प्राधान्य आणि वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाइतके नेमके क्वचितच मांडले गेले आहे.

३५/
स्थानिकांना प्राधान्य हवे म्हणणाऱ्यांची व्यथा खोटी नाही. पालिकेच्या रुग्णालयात पहाटेपासून रांगेत उभ्या असलेल्या गिरणगावातील वृद्धेला आपला क्रमांक मागे का जातो, हे विचारण्याचा हक्क आहे. १९२६ साली उभे राहिलेले केईएम रुग्णालय पालिका चालवते. तेथे उपचारांसाठी साऱ्या महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही लोक येतात. हा भार एका शहराने एकट्याने का वाहावा, या प्रश्नाला केवळ माणुसकीची आठवण करून देणे हे उत्तर पुरेसे नाही.

३६/
इतिहासातून मिळणारे उत्तर खर्चाच्या वाटणीचे आहे. १८६५ मध्ये इंग्लंडने जे केले, तेच येथे लागू होते: रुग्ण जेथून आला, तेथील शासनाने किंवा राज्य व केंद्राने त्याचा खर्च उचलावा आणि मुळात तेथे रुग्णालय उभारावे. उद्यानातील वार्षिक पास, वाचनालयाचे सदस्यत्व, वाहनतळातील जागा यांत रहिवाशाला सवलत दिल्याने कोणाचा जीव जात नाही. अन्न, पाणी आणि तातडीचे उपचार यांत जातो.

३७/
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा लाखो मजूर शहरांतून पायी निघाले. अनेकांची रेशनकार्डे गावाकडच्या दुकानाशी जोडलेली होती; ज्या शहरात ते राबत होते, तेथे त्या कार्डावर धान्य मिळत नव्हते. कार्ड कोठेही चालावे ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती, महाराष्ट्र व गुजरात या जोडीपासूनच. ती साऱ्या देशात पोहोचायला २०२२ उजाडले. त्या उन्हाळ्यात जे चालत गेले, त्यांना ती उशिरा मिळाली.

३८/
वाद संपलेला नाही. मुंबईची तहान वाढते आहे आणि पालघर जिल्ह्यात गारगाई नदीवर नवे धरण प्रस्तावित आहे. त्यात काही आदिवासी गावे जाणार आहेत. त्या गावांतील एखादे कुटुंब उद्या कामाच्या शोधात मुंबईत आले, एखाद्या वस्तीत राहिले आणि पालिकेकडे नळजोडणी मागू लागले, तर खिडकीपलीकडचा कारकून पहिला प्रश्न विचारील तो असा: तुम्ही मुंबईत केव्हापासून राहता? त्याच्या हातातील अर्जात तारखेसाठी रकाना असेल. पाणी कोणाच्या गावातून आले, यासाठी नसेल.

(थ्रेड समाप्त)